पिंजऱ्यातल्या लहान माकडाचं पोट बिघडलं तर

माकड पातळ हगायला लागलं की खान्देशात दोन गोष्टी हमखास होतात. कोणीतरी केळं पुढे करतो आणि कोणीतरी मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणतो. दोन्ही थांबवा. केळ्याने जुलाब वाढतात. गोळीने आतड्याची हालचाल मंदावते आणि जंतू, त्यांचं विष आतच कोंडून राहतं. लहान माकड जुलाबाच्या रोगाने मरण्याआधी अंगातलं पाणी आणि साखर संपल्याने मरतं. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी पाणी आणि ऊब, मग वजन, मग शीची तपासणी आणि सगळ्यात शेवटी औषध.

इथे लहान माकड म्हणजे दोन प्रकारचे प्राणी. पहिला मार्मोसेट. मूळचा ब्राझीलच्या ईशान्य भागातला, पूर्ण वाढीचा असूनही ३०० ते ५०० ग्रॅमचा, हल्ली शहरांतून पाळला जाणारा. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या माकडांची पोरकी पिल्लं. आई विजेच्या तारेला चिकटून किंवा कुत्र्यांच्या हल्ल्यात गेली, नाहीतर खेळवाल्याकडून सोडवली, अशी पिल्लं उपचार केंद्रात येतात. खान्देशात तापीच्या दक्षिणेला टोपी माकड आणि उत्तरेला सातपुड्याच्या बाजूने ऱ्हिसस माकड अशी जुनी ढोबळ विभागणी आहे, म्हणून दोन्ही हाती येऊ शकतात. काळ्या तोंडाचं वानर मात्र यात धरू नका. ते पानं खाणारं आहे आणि त्याच्या जठरात गुराढोरांसारखं आंबवण चालतं. त्याच्या पिल्लाला माकडाचा आहार दिला तर पोटात आम्ल साचून ते दगावतं.

कायद्याचं थोडक्यात. जंगलातलं पिल्लू सापडलं तर ते घरी वाढवायचं नाही, वनविभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर कळवायचं. माकडांचे खेळ करण्यावर १९९८ पासून बंदी आहे. मार्मोसेटसारख्या विदेशी प्रजातीची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. नोंदणी नसली तरी आजारी जनावर लपवून ठेवू नका. उशीर हाच त्याचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

पहिला तास

जनावर कळपातून वेगळं काढा, पण आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवा. मार्मोसेट कुटुंबाने राहणारा प्राणी आहे, एकदम एकटा पाडला तर खाणं सोडतो. खोक्याच्या तळाशी पांढरा कागद किंवा जुना स्वच्छ पंचा घाला. पांढरा अशासाठी की शीचा रंग, शेम (आव) आणि रक्त लगेच दिसतं. लाकडाचा भुसा नको, नमुन्यात मिसळतो.

ऊब देताना खोक्याच्या अर्ध्याच भागाला द्या, म्हणजे जनावराला गरम झालं तर सरकता येतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. खोक्यातली हवा २९ ते ३२ अंश असावी. धुळ्याकडे हिवाळ्यात रात्री पारा एक आकडी होतो तेव्हा मार्मोसेटला हे नेहमीच लागतं, आजारी असो वा नसो.

मे महिन्यात गणित उलटं होतं. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याखालच्या पिंजऱ्यातलं माकड पातळ हगत असेल, धापा टाकत असेल, तर तो उष्माघातही असू शकतो. गुदद्वारातून ताप मोजा. ४० अंशांच्या वर असेल तर ऊब अजिबात देऊ नका. साध्या पाण्याने अंग ओलं करून पंख्याचा वारा द्या. बर्फ नको, त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत अडकते. ३९.५ ला थांबा, नाहीतर ताप घसरतच राहतो.

मग वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेल, किराण्याचा तराजू चालत नाही. जळगावात सराफ बाजार आहे, तसा काटा मिळायला अडचण नाही. कापडी पिशवीत किंवा झोपायच्या लाकडी पेटीत जनावर घेऊन एकूण वजनातून पेटीचं वजन वजा करा. पुढची प्रत्येक मात्रा या आकड्यावर ठरणार आहे. ‘असेल तीन-चारशे ग्रॅम’ असं म्हणून कामाला लागू नका.

पाण्याचं गणित

अंगातलं पाणी किती गेलं ते तीन खुणांवरून ओळखा. हिरड्या बोटाला चिकट लागतात, बाकी जनावर ठीक दिसतं: साधारण ५ टक्के. कातडीची चिमूट सोडल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहते, डोळे थोडे आत गेलेत: ८ टक्के. डोळे खोल, हातपाय गार, मान टाकलेली: १० ते १२ टक्के. या शेवटच्या अवस्थेत तोंडाने काहीही देऊ नका. गिळता येत नसतं, पाणी फुप्फुसात जातं. तिथे शिरेतून किंवा हाडातून सलाईनच लागतं. वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता ३५० ग्रॅमचा मार्मोसेट, ८ टक्के तूट, असं उदाहरण घेऊ. तूट ३५० च्या ८ टक्के, म्हणजे २८ मिली. रोजची गरज किलोमागे ८० मिली धरली तर तीही २८ मिली. चोवीस तासांत ५६ मिली आत जायला हवं, शिवाय जुलाबातून जाईल ते वेगळं. तुटीचा अर्धा भाग, म्हणजे १४ मिली, पहिल्या चार तासांत भरून काढायचा. दर पंधरा मिनिटांनी १ मिली दिलं की तो हिशेब बसतो. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यात, गालाच्या आतल्या बाजूला लावा आणि एका वेळी ०.२ ते ०.३ मिलीच सोडा. गिळल्याशिवाय पुढचा थेंब नाही. जनावर उताणं धरू नका, पालथं किंवा उभं धरा. मार्मोसेट रात्रभर झोपतो, त्यामुळे रात्रीची भर आधीच टाकावी लागते. त्यासाठी पशुवैद्य कातडीखाली कोमट रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन) देतात. एका जागी ५ मिलीपेक्षा जास्त नाही, दोन जागा मिळून १० मिली.

पिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस घ्या. २०.५ ग्रॅमचं पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. जनावर लहान म्हणून अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका, पाकिटातली भुकटी एकसारखी मिसळलेली नसते आणि क्षारांचं प्रमाण चुकतं. सगळं बनवा, लागेल तेवढं द्या, उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, लहान चहाच्या चमच्याने. फळांच्या चवीचे तयार डबे घेऊ नका, त्यांतल्या काहींत साखर इतकी जास्त असते की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

लहान देहात साखरेचा साठा फार थोडा असतो. कित्येक तास उपाशी राहिलेला मार्मोसेट थरथरत असेल, बोलावल्यावर वळून बघत नसेल, तर ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. पाजू नका, चोळा. शुद्धीवर आला की ओआरएस सुरू करा.

शी काय सांगते

पातळ, भरपूर, पाण्यासारखी, पण कुंथणं नाही: बिघाड लहान आतड्यात. थोडी-थोडी, वारंवार, शेम आणि रक्तासह, आणि जनावर कुंथतं: मोठ्या आतड्यात. शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, आमांशाचा अमिबा, बॅलँटिडियम ही जंतूंची मंडळी तिथली. फिकट, तेलकट, ढीगभर शी म्हणजे अन्न पचत नाही किंवा स्वादुपिंड काम करत नाही. डांबरासारखी काळी असेल तर वरच्या भागात रक्तस्राव आहे. फळांचे तुकडे जसेच्या तसे बाहेर येत असतील तर आधी ताटाकडे बघा. आणि आदल्या दिवशी बीट दिलं होतं का हे विचारून मगच लाल शीला घाबरा.

ताजी शी अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी. हालणारा अमिबा आणि जिआर्डिया (आतड्यातला एकपेशी परजीवी) गार झाल्यावर ओळखू येत नाहीत. काचपट्टीवर कोमट सलाईनचा एक थेंब, त्यात काडीच्या टोकाएवढी शी, वर झाकणकाच. आधी १० च्या भिंगाने, मग ४० च्या. अमिबाच्या पोटात लाल रक्तपेशी दिसल्या तर तो आमांशाचाच. तालुक्याच्या गावी जनावरांची प्रयोगशाळा नसली तरी माणसांची पॅथॉलॉजी असते आणि ही तपासणी तिथे होते. नमुना माकडाचा आहे हे मात्र सांगा, लपवू नका. त्यांनाही हातमोजे घालायचे असतात.

जंतांच्या अंड्यांसाठी तरंगवणी करतात. एक लिटर पाण्यात सुमारे ४०० ग्रॅम मीठ घालून उकळा. तळाशी थोडं न विरघळता उरलं म्हणजे पाणी पुरेसं दाट झालं. गार करून त्यात शी कालवा, गाळा, नळी काठोकाठ भरून वर झाकणकाच ठेवा. पंधरा मिनिटांनी काच उचलून बघा. मार्मोसेटच्या बाबतीत इथेच चूक होते. काटेडोक्या जंताची (त्याच्याबद्दल पुढे ‘झुरळं’मध्ये) अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात नीट वर येत नाहीत. तरंगवणी कोरी आली म्हणून जंत नाहीत असं ठरवू नका. साध्या पाण्यात कालवून, गाळून, तळाचा गाळ काढून तोही बघा. शिवाय जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही. एक दिवसाआड तीन नमुने घेतल्याशिवाय ‘स्वच्छ’ म्हणू नये.

जिवाणू वाढवून बघायचे असतील तर गुदद्वारातून कापसाची काडी फिरवून कॅरी-ब्लेअर या नमुना टिकवणाऱ्या माध्यमात घाला आणि गार डब्यातून पाठवा. शिगेला बाहेर फार लवकर मरतो. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिक्कीत तासभर राहिलेला नमुना निकामी झालेला असतो. प्रतिजैविक सुरू करण्याआधीच काडी घ्या, नंतर नाही.

औषध देताना

प्रतिजैविक सरसकट देऊ नका. शीत रक्त आहे, ताप आहे, जनावर मलूल आहे, तेव्हाच पशुवैद्य ते सुरू करतात आणि शक्यतो जिवाणूंचा अहवाल बघून. कारण मार्मोसेटमध्ये प्रतिजैविकाने आतड्यातले चांगले जिवाणू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा वाईट जिवाणू माजतो आणि आधीपेक्षा वाईट जुलाब सुरू होतात.

जिआर्डिया किंवा अमिबा दिसला तर मेट्रोनिडाझोल हे नेहमीचं औषध. गोळी कमालीची कडू, माकड थुंकून टाकतं आणि पुढे सिरिंज बघूनच पळतं. बेंझोएट प्रकारचं पातळ औषध कमी कडू लागतं. ५ मिलीमध्ये २०० मिलिग्रॅम असेल तर १ मिलीत ४० मिलिग्रॅम झाले. पशुवैद्याने किलोला २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असं लिहून दिलं, तर ३५० ग्रॅमच्या जनावराला ८.७५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२२ मिली. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पिंजऱ्याला अडकवा. दशांशचिन्ह पुसलं गेलं आणि २.२ मिली दिलं गेलं तर दहापट मात्रा होते. जनावर तोल जाऊन पडतं, डोळे गरगरतात. दोन माणसं आळीपाळीने देखभाल करत असतील तर वेळ आणि सही यांची वहीही ठेवा, म्हणजे एकच मात्रा दोनदा जात नाही.

आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाबद्दल विशेष सावध राहा. खान्देशात दुभत्या जनावरांमुळे गुरांचं १ टक्क्याचं इंजेक्शन घरोघरी सापडतं. त्यात १ मिलीला १० मिलिग्रॅम औषध असतं. किलोला ०.२ मिलिग्रॅम या मात्रेने ३५० ग्रॅमच्या माकडाला ०.०७ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ०.००७ मिली. हे कोणत्याही सिरिंजवर मोजता येत नाही. ‘अगदी थोडं’ म्हणून ०.१ मिली टोचलं तर चौदा पट जातं. योग्य द्रावकात पातळ करून घेतल्याशिवाय हे औषध लहान माकडाला द्यायचं नाही, आणि ते पातळ करणं पशुवैद्याचं काम आहे.

घरगुती उपायांचंही तेच. जायफळ, कुड्याची साल, अफूची बोंडं यांपैकी काही देऊ नका. माणसाच्या मुलाला चिमूटभर चालतं म्हणून ३५० ग्रॅमच्या जिवाला चालेल असं नाही.

झुरळं

मार्मोसेटच्या पोटाच्या दोन वाईट रोगांची मुळं झुरळात आहेत. पहिला काटेडोक्या जंत, प्रोस्थेनॉर्किस. त्याच्या पुढच्या टोकाला आकड्यांची सोंड असते. ती तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आंधळ्या आतड्याजवळ (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी), भिंतीत रुतवतो. भिंत फुटली की शी पोटात पसरते आणि जनावर दगावतं. याला खात्रीचं जंतनाशक नाही, काही वेळा शस्त्रक्रियेने जंत काढावे लागतात. दुसरा ट्रायकोस्पायरुरा, स्वादुपिंडाच्या नळ्यांत राहणारा बारीक जंत. जनावर खातं-पितं आणि तरीही वाळत जातं. दोघांचीही अंडी शीतून बाहेर येतात, झुरळ ती खातं, माकड झुरळ खातं. माकडाला किडे आवडतातच, झुरळ पकडायची संधी ते सोडत नाही.

त्यामुळे परदेशातून किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडून आलेल्या एका जनावरापासून तुमच्या सगळ्या पिंजऱ्यांत रोग पसरायला घरातली झुरळं पुरेशी आहेत. औषधाचा फवारा पिंजऱ्याजवळ नको, विष थेट माकडाच्या पोटात जातं. जेल प्रकारचं आमिष पिंजऱ्याबाहेर, माकडाचा हात पोहोचणार नाही अशा झाकणाच्या डबीत ठेवा. संध्याकाळी उरलेलं सगळं खाणं उचला. पिंजऱ्याच्या पोकळ नळ्यांची तोंडं बंद करा, झुरळं तिथेच दडतात. नव्या जनावराला किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि तीन नमुने स्वच्छ आल्याशिवाय मिसळू नका.

वाळत जाणारा मार्मोसेट

पाळीव मार्मोसेटचा हा सगळ्यात फसवा रोग. सुरुवातीला काहीच दिसत नाही. शी कधी पातळ, कधी बरी. मग शेपटीच्या बुडाशी केस विरळ होतात, मांड्या बारीक होतात, हिरड्या पांढुरक्या पडतात. तोवर आतड्याची भिंत सुजून जाड झालेली असते, अन्न शोषलं जात नाही, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेलं असतं. हा रोग डोळ्यांना दिसण्याआधी वजनकाट्याला दिसतो. दर आठवड्याला, त्याच वारी, सकाळी खाण्याआधी वजन करा. काट्यावर डिंकाचा थेंब लावून ठेवलात तर मार्मोसेट स्वतःहून येऊन बसायला शिकतो, पकडायची गरज राहत नाही. ३८० ग्रॅमचा ३६१ वर आला, म्हणजे ५ टक्के, की रोज वजन घ्या आणि शी तपासा. ३४२ वर आला, म्हणजे १० टक्के, की थांबायचं नाही, रक्त तपासणीसह पशुवैद्याकडे न्यायचं.

काही मार्मोसेटांत गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही. पोळी, पाव, बिस्किट पूर्ण बंद करून चार-सहा आठवडे वजन बघणं हा बिनधोक प्रयोग आहे. आपल्याकडे त्याला अवघड काही नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत ग्लुटेन नसतं. स्टेरॉइडने सूज उतरते, पण जंत आणि संसर्ग नाहीत याची खात्री झाल्यावरच पशुवैद्य ते देतात. आधी दिलं तर दबलेला संसर्ग उसळतो. खाऊन झाल्यावर काही वेळाने उलटी होत असेल तर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग व्रणाने अरुंद झाला असू शकतो. त्याला नुसतं ग्लुटेन काढून भागत नाही, सोनोग्राफी किंवा बेरियमचा एक्सरे लागतो.

फुगलेलं पोट

हे माकडाच्या पिल्लात आणि मोठ्या माकडांत जास्त. उपाशी ठेवून मग एकदम पोटभर दिलं, किंवा खाणं एका दिवसात बदललं, की जठरात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू वाढतो आणि वायू साचतो. पोट ढोलासारखं ताठ, टिचकी मारली की पोकळ आवाज, श्वास वर-वर. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. उभं धरा आणि गाडी काढा. दवाखान्यात तोंडातून नळी घालून वायू काढतात, त्यात तास-दोन तासांचा उशीरही जिवावर बेततो. सुईने घरी टोचायचा प्रयत्न करू नका.

जुलाबात कुंथून-कुंथून गुदद्वारातून आतडं बाहेर आलं तर ते सलाईनने ओलं ठेवा, सूज असेल तर वर साधी साखर पसरा, सूज उतरते. ओल्या कापडात झाकून दवाखान्यात न्या. सुकलं तर तो भाग मरतो.

केळी, डिंक आणि दूध

केळीच्या मुलखात हे सांगणं जड जातं, पण माकडाला रोज केळी देणं चूक आहे. आपण खातो ते केळं गोडीसाठी निवडून वाढवलेलं फळ आहे, जंगलातल्या फळांपेक्षा त्यात साखर जास्त आणि चोथा कमी. ती साखर आतड्यात आंबते, शी पातळ होते, दात किडतात. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने माकडांची केळी बंद केल्याची बातमी २०१४ मध्ये जगभर झाली होती. केळं ठेवायचं असेल तर औषध लपवायला, नखाएवढं.

मार्मोसेटचं पोट मुळात झाडाच्या डिंकासाठी घडलेलं आहे. खालचे दात झाडाची साल कोरायला, आंधळं आतडं डिंक आंबवायला. डिंक नसलेला मार्मोसेट म्हणजे कडबा नसलेली गाय. खान्देशात बाभळीचा डिंक मिळतो, ही आपली सोय आहे. तो स्वच्छ, साल-माती काढलेला घ्या. सालईचा सुगंधी डिंक नाही, तो धुपासाठीचा आहे. रंग लावलेला, भेसळीचा तर नाहीच. एक भाग डिंक तीन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि एका जनावराला रोज साधारण एक लहान चमचा द्या. वाटीत नको. जाड फांदीला छिद्रं पाडून त्यात भरा, म्हणजे त्याला तासभर काम मिळतं. फांदी दर आठवड्याला बदला, उन्हाळ्यात लवकर, नाहीतर डिंक आंबतो आणि मुंग्या लागतात.

३५० ग्रॅमच्या निरोगी मार्मोसेटला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम ओलं खाणं लागतं. त्यात मुख्य भाग नव्या जगातल्या (म्हणजे अमेरिका खंडांतल्या) माकडांसाठीच्या भिजवलेल्या खाद्यगोळ्यांचा असावा. साध्या माकड-गोळ्या चालत नाहीत, कारण या प्राण्यांना डी३ जीवनसत्त्व जास्त लागतं आणि डी२ त्यांना उपयोगी पडत नाही. सोबत शिजवलेलं गंगाफळ किंवा रताळं, कोवळ्या शेंगा, चमचाभर उकडलेलं अंडं. फळ दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास, आवळा किंवा पेरू असेल तर उत्तम, कारण क जीवनसत्त्व या प्राण्यांना बाहेरूनच मिळावं लागतं. किडे वाढवलेलेच द्या. कपाशीच्या शेतातले नाकतोडे पकडून देऊ नका, फवारणीचं विष त्यांत असतं. भुईमुगाचा दाणा बुरशी लागलेला असेल तर यकृत खराब करतो, शंका असेल तर टाकाच. शेव, फरसाण, बिस्किट हे खाणं नाही.

कुठलाही बदल सात ते दहा दिवसांत करा. पहिल्या दिवशी नव्याचा दहावा हिस्सा, मग रोज थोडं वाढवत. जुलाब थांबल्यावरही पहिला दिवस खाद्यगोळ्यांची पातळ पेज, थोडं गंगाफळ आणि नेहमीच्या निम्मं. फळ तीन दिवसांनी.

पोरक्या पिल्लांच्या जुलाबाचं पहिलं कारण म्हशीचं दूध. त्यात स्निग्धांश साधारण ७ टक्के आणि प्रथिनं ४ टक्के असतात. माकडीच्या दुधात स्निग्धांश ४ च्या आसपास आणि प्रथिनं २ च्या आसपास. म्हणजे पिल्लाच्या आतड्यावर दुप्पट ओझं पडतं. पाणी घालून पातळ केलं तर लागणारी साखरही कमी होते. माणसाच्या तान्ह्या बाळाची भुकटी डब्यावरच्या प्रमाणात कालवणं हाच जवळचा पर्याय. दिवसाला वजनाच्या २० ते २५ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमच्या पिल्लाला १०० ते १२५ मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी वाटून. पिल्लू दर वेळी आणखी मागेल, तरी द्यायचं नाही. जास्त पाजणं हे जुलाबाचं दुसरं कारण आहे. पाजताना ते गुंडाळलेल्या टॉवेलला मिठी मारून उभं किंवा पालथं असावं. मानवी बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजलं की दूध श्वासनळीत जातं. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने यायला हवं. धार लागली तर बोंडूचं भोक मोठं आहे.

पाणी, सफाई आणि तुमचे हात

उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी उकळूनच द्या. बाटली दिवसातून दोनदा बदला, पत्र्याजवळ लटकवू नका. पाणी तापलं की माकड पीत नाही. नळीचं तोंड दाबून थेंब येतो का हे रोज बघा. अडकलेल्या नळीमुळे भर मे महिन्यात भरलेल्या बाटलीखाली तहानेने मेलेलं जनावर सापडतं.

सफाईत आधी शी खरवडून काढा, साबणाने धुवा आणि मगच ब्लीच. शीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. ५ टक्क्यांचं द्रावण एक भाग, पाणी नऊ भाग, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी ब्लीचने मरत नाही. त्याला वाफ किंवा उकळतं पाणी आणि मग कडक ऊन लागतं. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, सुट्टे होणारे पाट, फांद्या, वाट्या दिवसभर वाळत टाका.

शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, जिआर्डिया, अमिबा हे सगळे माकडाकडून माणसाला आणि माणसाकडून माकडाला जातात. घरात कुणाला जुलाब असतील तर त्याने पिंजऱ्यात हात घालू नये. ओठावर ताप-फोड आलेल्या माणसाने मार्मोसेटच्या जवळ जाऊच नये. तो विषाणू आपल्याला फोडापुरता असतो, मार्मोसेटला तो मारतो. ऱ्हिसस किंवा टोपी माकड हाताळताना हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा हवाच. बी विषाणू या माकडांत सहसा लक्षणांशिवाय असतो आणि माणसाला झाला तर मेंदूपर्यंत जातो. चावलं, ओरबाडलं किंवा डोळ्यात शिंतोडा उडाला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, डोळा असेल तर नुसत्या पाण्याने. मग दवाखान्यात जाऊन ‘माकड चावलं’ हे शब्द स्पष्ट सांगा आणि रेबीजच्या लसीबरोबर बी विषाणूचाही विषय काढा. त्यावरची गोळी पहिल्या काही तासांतच सुरू करायची असते.